हवेतला आठ मेगाहर्ट्‌झचा पट्टा

मी हवेतला एक पट्टा बोलतोय. उगाच इकडेतिकडे मान वळवू नका, मी दिसणार नाही. मला रंग नाही, वास नाही, हात लावावा असं अंगही नाही. पण तुम्ही हे जिथे वाचत बसला आहात तिथेही माझा एखादा भाऊबंद तुमच्या कानाजवळून चाललेला असेल. सरकारी कागदांत आम्हाला स्पेक्ट्रम म्हणतात. बिनतारी संदेश ज्या वाटांनी जातात, त्या वाटांचे पाडलेले तुकडे म्हणजे आम्ही. माझा तुकडा आठ मेगाहर्ट्‌झ रुंदीचा. शेताला जसा बांध असतो तसा माझ्याही दोन्ही अंगांना थोडा मोकळा बांध ठेवलेला आहे, शेजाऱ्याचं बोलणं माझ्यात शिरू नये म्हणून. बांधावरून कुरबुरी आमच्यातही होतात, फक्त त्या दिल्लीत मिटतात, पाटणच्या कचेरीत नाही.

सध्या मी थकलोय. अंग नसलेल्यानं थकायचं कसं, असं तुम्ही विचाराल. विचारा. कामानं मी कधी थकलो नाही. उत्तराची वाट बघून थकलो.

मला कुणी घडवलं नाही. डोंगर होते, नदी होती, त्याच्याही आधीपासून मी होतो. पण नाव नव्हतं तोवर असून नसल्यासारखाच. कोयनानगरच्या वरच्या अंगाला म्हसोबाचा माथा म्हणून एक उघडा डोंगर आहे. पस्तीसेक वर्षांपूर्वी तिथे सरकारनं लोखंडी मनोरा उभा केला, पायथ्याशी एक खोली बांधली, खोलीत यंत्र बसवलं आणि माझ्यावरून टीव्ही सोडायला सुरुवात केली. त्या दिवशी मला क्रमांक मिळाला. तोच माझा जन्म समजा. माझी हद्दही तेव्हाच ठरली. मनोऱ्यावरून नजर जाईल तिथपर्यंत मी, पुढे डोंगर आडवा आला की संपलो. घाटाच्या तिसऱ्या वळणापलीकडे काय चालतं ते मला आजही माहीत नाही.

या हद्दीत करंजाळवाडी येते. चाळीस उंबऱ्यांची वाडी. तेव्हा वाडीत एकच टीव्ही होता, भैरोबाच्या देवळात, ग्रामपंचायतीनं दिलेला. संध्याकाळी लोक जेवणं लवकर उरकून देवळात यायचे. पुढे बायका आणि म्हातारी माणसं, मागे खांबांना टेकून गडी. बातम्या, शेतीचा कार्यक्रम, रविवारचा सिनेमा, जे येईल ते सगळे मिळून बघायचे. एखादी बाई शेरा मारायची आणि देऊळभर हसू पसरायचं. मी त्या हसण्यातून आरपार जायचो. खरं सांगतो, ते दिवस मला फार आवडायचे.

पण माझ्या स्वभावात एक खोट आहे आणि ती आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच घडलं. मी जातो, परत येत नाही. घराघरांत शिरतो, भिंतीतून जातो, सगळं बघतो. पण बघितलेलं माघारी जाऊन कुणाला सांगावं, तर ती सोय माझ्यात नाही. डोंगरावरच्या यंत्राला कधीच कळलं नाही की खाली कोण हसलं आणि कोण रडलं.

पुढे देवळातला टीव्ही जळाला. दोघातिघांनी घरांवर डिशच्या छत्र्या बसवल्या, पण त्या वाऱ्यात त्या टिकेनात. बाकी जगाला माझी गरज उरली नाही. मग एक दिवस वरून हुकूम आला, यंत्र बंद करा. वाईचे मधुसूदनराव म्हणून तंत्रज्ञ त्या खोलीत तीस वर्षं राबले होते. त्यांनी यंत्र फडक्यानं पुसलं, हळदकुंकू लावलं, बटण दाबलं आणि डोंगर उतरून गेले. खालून एकदाही त्यांनी वर पाहिलं नाही. त्यांना बघवलं नसेल, अशी मी आपली समजूत घालून घेतली.

त्यानंतर मी पडीक. पडीक रानात निदान गवत तरी उगवतं, माझ्यात तेही नाही. माझ्या वरच्या अंगाला मोबाइल कंपन्यांचे पट्टे. त्यांचे लिलाव व्हायचे, त्यांची नावं वर्तमानपत्रात यायची. त्यांची हद्द मोठी, ते गावोगाव फिरलेले. त्यांच्याकडून ऐकायचो की पाचगणीत शनिवार-रविवारी पाहुणे इतके येतात की त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. हजार लोक एकच सामना आपापल्या फोनवर बघतात, आणि तो सामना बिचाऱ्यांना हजार वेळा पाठवावा लागतो. मी ऐकायचो आणि गप्प बसायचो. माझ्याकडे तोच सामना एकदा सोडला की पुरे. हजारांनी बघा नाहीतर लाखांनी बघा, माझं काही कमी होत नाही. पण हे सांगायचं कुणाला?

आणि गंमत अशी की त्या कंपन्यांचा एकही मनोरा करंजाळवाडीपर्यंत पोचला नव्हता. चाळीस घरांसाठी कोण येतो एवढ्या आत? वाडीतल्यांना फोन लावायचा तर अर्धा कोस चढून खिंडीतल्या मोठ्या दगडावर जावं लागे. तिथे उभं राहून आया लेकांशी बोलायच्या. लेक कुठे, तर कुणाचा जम्मूला, कुणाचा आसामात. वाडीत लष्करात माणूस नाही असं घर शोधून सापडायचं नाही.

असंच चालू असताना गेल्या वर्षी जुलैत डोंगरावर पुन्हा माणसं चढली. मनोऱ्याचा गंज घासला गेला. नवं यंत्र आलं, जुन्याच्या निम्म्या आकाराचं. सोबत एक मुलगी होती, वल्लरी नावाची. सांगलीची, इंजिनिअर. पावसात भिजून लगदा झालेला कागद हातात धरून ती मला मोजत होती. इतक्या वर्षांनी मला कुणीतरी मोजत होतं. मी मोहरून गेलो, खोटं कशाला बोलू.

ठरलं होतं ते असं. माझ्यावरून टीव्ही पुन्हा सोडायचा, पण या खेपेला थेट मोबाइलवर. इंटरनेट नको, रेंज नको. फोनमध्येच एक लहानशी चिप असते, ती मला पकडते. सहा महिने चाचणी. ऑगस्टच्या पहिल्या तारखेपासून जानेवारीच्या एकतीसपर्यंत. वाडीतल्या चाळीस घरांना चाळीस फोन द्यायचे. मी परत येत नसल्यामुळे कोण बघतं हे डोंगरावर कळणार नाही, म्हणून फोनच आपल्या पोटात नोंद ठेवणार, रोज किती वेळ टीव्ही लागला त्याची. सहा महिन्यांनी फोन गोळा करून ती नोंद काढायची. निम्म्या फोनांवर तरी रोज तासभर टीव्ही लागलेला दिसला, तर प्रक्षेपण कायम राहणार. नाहीतर यंत्र उचलून दुसरीकडे.

ही शेवटची अट वाडीला सांगायची नाही, असा वल्लरीला चाचणी घेणाऱ्या कंपनीचा हुकूम होता. कळलं तर लोक उगीच फोन लावून ठेवतील आणि चाचणी खोटी पडेल. घरोघर जाऊन बघायचं नाही, हेही बजावलेलं. म्हणून तिनं देवळात सगळ्यांना बोलावलं, बंद डबे वाटले, सह्या-अंगठे घेतले, एक फोन उघडून कसा लावायचा ते दाखवलं आणि जाताना एवढंच म्हणाली, “जपून वापरा हं. सहा महिन्यांनी परत न्यायचे आहेत.”

या एका वाक्यानं घात केला. बोलणारीचा दोष नव्हता, ऐकणाऱ्यांचाही नव्हता.

वल्लरीची गाडी घाटाला लागली आणि शालूबाई उठून उभी राहिली. शालूबाई म्हणजे निवृत्त हवालदार नाथाजींची बायको. सत्तरी गाठलेली, बारीक अंगाची, पण वाडीत तिचा शब्द खाली पडत नसे. तिनं सरळ हिशेब मांडला. वस्तू दुसऱ्याची. परत न्यायची म्हणून सांगून गेलेत. त्यावर ओरखडा उठला तर वाडीचं नाव जाईल. एक डबा उघडलाच आहे तर तो देवळात ठेवू, सगळे मिळून बघू. बाकीचे एकोणचाळीस तसेच बंद राहू देत.

कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. या भागात उसनं आणलेलं पातेलं घासून, लखलखीत करून परत देतात. आणि मोकळं देत नाहीत, मूठभर काहीतरी घालूनच देतात. त्या रीतीत वाढलेल्या माणसांना दुसरं सुचणार तरी काय? एकोणचाळीस डबे फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकांत गेले. मी त्या ट्रंकांतही शिरत होतो, बंद फोनांच्या आसपास घुटमळत होतो. जेवणाचं ताट वाढून ठेवावं आणि जेवणारा झोपलेला असावा, तशी माझी गत.

देवळातल्या फोनला मात्र त्यांनी राजेशाही थाटात ठेवलं. आवाज मोठा यावा म्हणून तो तांब्याच्या घंगाळात उभा केला. चित्र बारीक दिसतं अशी म्हाताऱ्यांची तक्रार आली, तेव्हा वाडीतला हंबीरराव नागपंचमीला शिराळ्याला गेला होता, त्यानं जत्रेतून फोनपुढे उभं करायचं प्लॅस्टिकचं भिंग आणलं. भिंगातून माणसांची तोंडं कडेला जरा वाकडी दिसायची. त्याचं कुणाला काही नाही. पुन्हा पुढे बायका आणि म्हातारी, मागे खांबांना टेकून गडी. पस्तीस वर्षांपूर्वीचीच मांडणी, फक्त टीव्ही हातभर होता तो वीतभर झालेला.

नाथाजींना मी सगळ्यांत जास्त कळत होतो. त्यांची नोकरी लष्कराच्या सिग्नल्समध्ये गेली होती. लेहच्या थंडीत त्यांनी बिनतारी यंत्र कानाला लावून रात्री काढल्या होत्या. लष्करातली सवय म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी एक दोनशे पानी वही केली आणि रोज संध्याकाळी तीत नोंद सुरू केली. तारीख, वेळ, सिग्नल साफ की खरखरीत, हजर किती. ‘सिग्नल साफ. हजर एकेचाळीस.’ ‘धुकं. सिग्नल मधून मधून तुटतो. हजर अठ्ठावीस, बाकी भातकापणीला.’ लोक त्यांची थट्टा करायचे की रिटायर होऊन वीस वर्षं झाली तरी दादांची ड्यूटी संपली नाही. ते हसायचे आणि डोकी मोजायचे.

एकदा शालूबाईनं त्यांना विचारलं, ही टीव्हीतली बाई आपल्याशी बोलते, आपण तिला काही म्हणालो तर तिला कळतं का. नाथाजींनी चष्मा काढला आणि तिला नीट समजावून सांगितलं.

“अगं, आमच्या सेटवर दोन शबुद आसायचं. ‘ओव्हर’ म्हंजी माजं बोलून झालं, आता तुजं बोल, मी ऐकतुय. आन ‘आऊट’ म्हंजी संपलं, आता उत्तर नगं. ह्यात दोनीबी न्हाईत. हे नुसतं येतं.”

शालूबाईनं घंगाळातल्या फोनकडे नीट बघितलं. मग म्हणाली, “लय एकटं हाय मग ते.”

माझ्या साऱ्या आयुष्यात माझ्याविषयी कुणी काढलेला तेवढाच उद्गार. तो मी जपून ठेवलाय.

ऑक्टोबरात वल्लरी यंत्र तपासायला आली. डोंगराच्या वाटेवर भाताचे भारे घेऊन निघालेल्या बायका भेटल्या. बघता ना टीव्ही, असं तिनं विचारलं. रोज बघतो, लय साफ दिसतं, असं सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. ते शंभर टक्के खरं होतं. ती खुशीत परत गेली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अगं, ट्रंका उघडून बघ. पण मी नुसता जाणारा.

जानेवारीत वाडीत एक बातमी आली. नाथाजी आणि शालूबाईची नात शिवांजली लष्करी पोलिसात भरती झाली होती. या दोघांनी तिला लहानाची मोठी केलेली. खिंडीतल्या दगडावर नाथाजींना तिचा फोन लागला. सव्वीस जानेवारीच्या संचलनात दिल्लीला ती चालणार होती. तिसरी रांग, डावीकडून पाचवी. नाथाजी धापा टाकत खाली आले आणि दारातूनच त्यांनी शालूबाईला सांगितलं. त्या क्षणापासून शालूबाईला दुसरं काही सुचेना. धुकं पडलं तर? फोनच बंद पडला तर? दुसरा डबा उघडावा का, असंही कुणीतरी सुचवलं. तिनं मान हलवली. आपल्या हौसेसाठी परक्याचं सील तोडायला तिचं मन घेईना.

त्या सकाळी मी जीव एकवटून चाललो. तसं करता येत नाही, यंत्र सोडेल तेवढाच जोर माझ्यात असतो, पण मला तसं वाटत होतं खरं. देवळात एकसष्ट माणसं. पाटणला दिलेल्या लेकीसुद्धा आल्या होत्या. तुकड्या येत होत्या, जात होत्या, आणि दर तुकडीला शालूबाई विचारत होती, ही का. अखेर ती तुकडी आली. सगळ्यांचे कपडे सारखे, टोप्या सारख्या, पावलं सारखी. भिंगात कडेची तोंडं वाकडी. पण नाथाजींनी काठी उचलून एका ठिपक्याकडे रोखली. चालीवरून ओळखली, म्हणाले. उजवा खांदा जरासा पुढे टाकून चालायची तिची लहानपणापासूनची खोड.

अकरा सेकंद. मी मोजलेत. अकरा सेकंदांत तुकडी पुढे गेली आणि पडद्यावर दुसरं काही आलं. शालूबाईनं दोन्ही हात फोनवरून ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. नातीची दृष्ट तिनं घंगाळातल्या फोनावरून काढली. मग पदर तोंडाला लावून ती रडली, आणि तिला बघून देवळातल्या निम्म्या बायका रडल्या. नाथाजींनी वहीत लिहिलं, ‘सिग्नल साफ. हजर एकसष्ट.’

माझ्या जन्माचं सार्थक झालं असं मी म्हणेन. आणि फोनाच्या पोटातल्या नोंदीत त्या सकाळी काय लिहिलं गेलं? चाळीसपैकी एक फोन चालू.

एकतीस जानेवारीला दुपारी वल्लरी गाडी घेऊन आली. लोक देवळात एकेक करून डबे आणू लागले. प्रत्येक डबा धुतलेल्या फडक्यात बांधलेला. वरच्या गाठीत काहीतरी, कुठे पसाभर तांदूळ, कुठे गुळाचा खडा, कुठे मूठभर नाचणी. तिनं पहिलं फडकं सोडलं. सील शाबूत. दुसरं सोडलं. सील शाबूत. पाचव्या-सहाव्याला तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला आणि ती देवळाच्या पायरीवर बसली.

“तुम्ही बघितलाच नाही टीव्ही?” तिनं विचारलं.

“बघितला की पोरी,” शालूबाई म्हणाली. “एक दिस चुकलो न्हाई. पर तू जपून वापरा म्हणालीस. दुसऱ्याची वस्तू हाय. एकावर समद्यांचं भागत हुतं, मग बाकीची कशाला खराब करायची?”

मग वल्लरीनं जी सांगायची नव्हती ती अट सांगितली. आता लपवून उपयोग नव्हता. वीस फोन लागायला हवे होते, एक लागला. यंत्र जाणार. हंबीररावानं हळूच विचारलं, आता रात्रभर सगळे लावले तर. ती म्हणाली, फोन तारखेनिशी लिहितो.

नाथाजींनी वही आणून तिच्या हातात दिली. ती पानं उलटत गेली. एकशे त्र्याऐंशी दिवस, एकही कोरा नाही. वाचता वाचता तिचे डोळे भरले.

“काका, ही मी अहवालाला जोडते. पण ते फोन मोजतात, माणसं नाही.”

नाथाजी म्हणाले, “आदी सांगायचं हुतं, पोरी.” आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

मी तिथेच होतो. सगळं बघितलेला एकमेव साक्षीदार. आणि मला तोंड नाही. इतकं हतबल मला यंत्र बंद पडलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

प्रक्षेपण रात्री बारापर्यंत चालू राहणार होतं. तेवढ्यात वल्लरीनं काय केलं, तर गाडीतले सगळे डबे परत खाली उतरवले आणि स्वतःच्या हातानं एकोणचाळीस सीलं तोडली. संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळेला तिनं प्रत्येक घराच्या हातात त्या घराचा फोन लावून दिला. आज तरी आपापल्या हातात बघा, म्हणाली. चाळीस फोन एकदम उजळले. मला जणू अंग आलं, असं वाटलं.

लोकांनी मान राखून पाचदहा मिनिटं बघितलं. जो तो आपल्या तळहातात मान घालून, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. देऊळ भरलेलं आणि तरी मोकळं वाटत होतं. मग एका म्हातारीनं आपला फोन अलगद फरशीवर ठेवला आणि ती भिंगापुढे सरकली. मागोमाग दुसरी. मग गडी खांबाला टेकले. थोड्या वेळानं सगळे त्याच जुन्या घंगाळासमोर होते आणि एकोणचाळीस फोन फरशीवर पडल्या पडल्या चालू होते, पुढे एकही माणूस नसताना. त्या रात्री त्यांच्या पोटात नोंद झाली, टीव्ही बघितला. वल्लरी सगळ्यांत मागे उभी होती. शालूबाईनं तिला हाताला धरून पुढे बसवलं.

फोन पुन्हा डब्यात गेले, डबे फडक्यांत. तांदूळ-गूळ घ्यायला वल्लरी कचरत होती. शालूबाईनं तिला गप्प केलं. मोकळं कसं द्यायचं, एवढंच ती म्हणाली. वही देण्याआधी नाथाजींनी शेवटची नोंद केली. ‘सिग्नल साफ. हजर बासष्ट.’ पाहुणीलाही त्यांनी मोजलं होतं. आणि त्याखाली, सहा महिन्यांत कधी लिहिला नव्हता असा एक शब्द, ‘ओव्हर.’

रात्री बाराला मी बंद झालो.

मार्चमध्ये यंत्र उतरवायला माणसं आली, तेव्हाच मला निकाल कळला. काढण्याआधी त्यांनी यंत्र थोडा वेळ चालवून बघितलं, म्हणून पुढचं मला दिसलं. त्यांच्याबरोबर वल्लरीही होती. डोंगरावर न जाता ती आधी वाडीत गेली आणि देवळात तिनं एक गाठोडं सोडलं. आत चाळीस फडकी, धुऊन, घड्या घालून. प्रत्येकाच्या गाठीत मूठभर बेदाणे. तिच्या आजोळच्या द्राक्षबागेतले, म्हणाली. शालूबाईनं एक गाठ सोडून बघितली आणि वल्लरीच्या गालावरून हात फिरवला. पोरीला रीत कळली होती.

सोबत आणलेली वही मात्र ‘माझ्याकडे राहू द्या’ म्हणून तिनं नाथाजींकडून मागून घेतली. मग चाचरत म्हणाली, “काका, उत्तर आलंय. नाही म्हणालेत. आता शेवटी ‘आऊट’ लिहायचं ना?”

तिनं पेन पुढे केलं. नाथाजींनी ते घेतलं, वही उघडली, शेवटच्या ओळीकडे बराच वेळ बघितलं. मग पेनाचं टोपण लावून परत दिलं.

“हे फोनांचं उत्तर आलं,” ते म्हणाले. “मानसांचं अजून यायचं हाय.”

आता मी पुन्हा पडीक आहे. मनोरा उभा आहे, गंज परत चढू लागलाय. वरच्या पट्ट्यांमध्ये कुजबुज आहे की मलाही त्यांच्यात जोडून लिलावात काढणार. काढा. कुणाच्या नावावर जायचं हे मी कधी ठरवलं नाही आणि आता तेवढी उमेदही नाही. ज्याच्या हाती पडेन त्याला एवढंच सांगायचंय, करंजाळवाडीत कधी मोजणीला गेलात तर ट्रंका उघडू नका, संध्याकाळी देवळात जाऊन बसा.

तिथे अजून घंगाळ आहे. भिंग आहे. त्याच्यामागे ठेवायला फोन नाही, तरी शालूबाई रोज सांजवात लावून झाली की पदरानं भिंग पुसते आणि जागच्या जागी उभं करून ठेवते. खरं तर मला ते आता दिसू नये, मी बंद आहे. पण ती वात लावायची वेळ झाली की मला कळतं.

नाथाजींचा तो शब्द मला आयुष्यात कधी म्हणता आला नाही. माझं बोलून झालंय. आज म्हणतो.

ओव्हर.